तिन्ही पाहिले

४ ऑगस्ट

ठकू बाळे,

आशीर्वाद मोजून तीन पाठवले आहेत. चौथा उत्तर आल्यावर.

अक्षर तुझ्या आत्याआजीचं आहे, बोलणं माझं. तिने बत्तीस वर्षं शाळेत मुलांचे कान पिळले, मी राहिले अंगठाबहाद्दर. म्हणून या घरात वाटणी अशी झाली आहे की लिहायचं नणंदेने, बोलायचं वहिनीने. मधेच ती लिहिणं थांबवते. "वहिनी, असं पत्रात लिहीत नाहीत." मी म्हणते, "वन्सं, मी कुठे लिहितेय? मी तर बोलतेय." मग ती ओठ दाबते आणि लिहिते. हे वाक्यही ओठ दाबूनच लिहिलेलं आहे.

फोन करू नकोस. फोनवर तू मुंगीच्या आवाजात बोलतेस आणि मी उगाच "हो, हो" म्हणते. मागल्या वेळी मी कशाला हो म्हटलं ते अजून मला कोणी सांगितलेलं नाही. पत्र बरं. ते आत्याआजी माझ्या कानाशी, मागच्या बाकावरच्या पोरालाही कळेल अशा आवाजात वाचते. खालच्या मजल्यावरची शिंपीण मशीन थांबवून ऐकते आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात मलाच तुझी खुशाली सांगते.

आता मुद्द्याचं. तुझा बाप आला होता. मी विचारलं, "ठकू नक्की करते काय?" म्हणाला, "समुद्रात पवनचक्क्या तरंगत्या ठेवल्यात. वादळात त्यांचं काय होईल ते ती आधी सांगते." म्हटलं, म्हणजे आपल्या घरात जोशीणबाई निपजली! पण चक्की पाण्यावर तरंगते हे माझ्या गळी उतरत नाही. एवढं धूड, वर फिरणारी पाती, आणि खाली पाणी? नीट समजावून सांग. अडाणी म्हणून लाडीगोडीने सांगू नकोस. वीस वर्षं मी धक्क्यावर बोटींचे दोर तपासले आणि सांधले आहेत. वाऱ्याचं आणि दोराचं भांडण तू जन्मायच्या आधीपासून माझ्या ओळखीचं आहे.

जेवतेस ना? "हो" असं एका शब्दात लिहू नकोस, काय ते लिही.

तुझी आजी

(हा अंगठा शाईचा आहे. डाग पडला म्हणून आत्याआजी कुरकुरते आहे.)


१७ ऑगस्ट

प्रिय आजी, वाचणारी आत्याआजी आणि मशीन थांबवलेल्या शिंपीणकाकू,

चौथा आशीर्वाद काढून ठेव.

आमच्या पाच चक्क्या किनाऱ्यापासून खूप आत आहेत. तिथे पाणी इतकं खोल की तळात खांब रोवणं परवडत नाही. म्हणून प्रत्येकीच्या पायाखाली पोकळ पोलादाचा तराफा आहे, आणि तो तीन साखळ्यांनी तीन दिशांच्या नांगरांना बांधलेला आहे. म्हणजे तुझ्या धक्क्याला बांधलेली लाँचच समज. फक्त दोराच्या जागी साखळी, आणि एकेक कडी अशी की आपल्या मजल्यावरची सगळी माणसं मिळूनही उचलायची नाही. जोराचा वारा सुटला की पाती थांबवतात आणि वाऱ्याला कडेने धरतात, आपण छत्री मिटून घेतो तसं. पण लाटांना मिटून घेता येत नाही. त्या तराफा ओढत राहतात, साखळ्या तळावर घासतात, कड्या झिजतात. किती झिजल्यात, आणि पन्नास वर्षांत एखादं येतं तसं वादळ या वर्षीच आलं तर त्या टिकतील का, हे मी सांगते. ज्योतिष नाही गं, आकडे असतात.

तिथे एक वस्तीची बोट आहे. दुरुस्तीची चोवीस माणसं तिच्यावर पंधरा-पंधरा दिवस राहतात. पूर्वी वादळाची सूचना आली की ती बंदरात परत यायची आणि चार दिवस वाया जायचे. या वर्षी माझ्या अहवालावरून ठरलं की साखळ्या भक्कम आहेत, बोटीने चक्क्यांजवळच थांबायला हरकत नाही. आजी, माझ्या सहीने ठरलं!

आणि यात तुझा वाटा आहे. साखळ्या मोजायला पाण्याखाली कॅमेऱ्याचं यंत्र सोडतात. ते आम्हाला थोडेच दिवस मिळालं, त्यात समुद्र खवळला. पंधरांपैकी पाचच मोजून झाल्या, प्रत्येक चक्कीची एक. सगळे कपाळाला हात लावून बसले आणि मला तू आठवलीस. मी सहा वर्षांची, धक्क्यावर तुझा पदर धरून उभी, आणि तू एका लाँचचा एक दोर चिमटीत पिळून मला म्हणालीस, "एक हाताला लागला की बाकीचे दोन कळतात. बहिणी असतात त्या." या साखळ्याही एकाच कारखान्याच्या, एकाच आठवड्यात पाण्यात गेलेल्या. मी पाचांवरून पंधरांचे आकडे भरले. आमच्या साहेब, ज्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो, त्यांनी विचारलं, "सर्व मोजल्या ना?" मी म्हटलं, "सर्व पाहिल्या." अहवाल वेळेत गेला. बाईंनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली.

जेवते. आज डबा विसरले, म्हणून बिस्किटं.

तुझी ठकू


२९ ऑगस्ट

ठकू,

पत्र पोचलं. शिंपिणीला चक्क्या फार आवडल्या. विचारत होती, एखादी आपल्या गच्चीवर तरंगेल का? मी म्हटलं, गच्चीवर पाणी साचतं तेवढं पुरेल.

बिस्किटं हे जेवण नव्हे.

आता ऐक. म्हातारीच्या एका बोलण्याला एवढी मोठी साखळी अडकवू नये. मी धक्क्यावर पोरीला रिझवायला काहीबाही बोलले असेन. शितावरून भाताची परीक्षा ही भातापुरती ठीक. भात एका पातेल्यात, एका आचेवर शिजतो. दोर एकाच दुकानातून आले तरी तीन ठिकाणी झिजतात. एक भिंतीला घासतो, एक उन्हात सुकतो, तिसऱ्याला सगळा हिसका बसतो. उरलेल्या दहा बघून घे.

का म्हणून विचारू नकोस. आत्याआजी आत्ता विचारते आहे. "वहिनी, अहो तुम्हीच तर नेहमी म्हणता ना, एक पाहिला की तीन कळतात?" मी म्हटलं, "वन्सं, लिहा तुम्ही." तिलाही सांगत नाही.

आणि ती चोवीस माणसं झोपतात ती बोट कुठे उभी असते? साखळी तुटली तर चक्की ज्या अंगाला जाईल त्या अंगाला का? एवढंच विचारायचं होतं. बाकी सगळं छान आहे. गुडघा सोडून.

आजी


१० सप्टेंबर

प्रिय आजी,

उशीर झाला. कामात होते.

तू साखळ्यांची काळजी करू नकोस. तो अहवाल केव्हाच कपाटात गेला. बोट योग्य अंतरावर असते. गुडघ्याला लावायचं औषध पाठवते आहे.

एक वेगळीच गोष्ट सांगते. माझा एक सहकारी आहे, दुसऱ्या कचेरीतला, तू ओळखत नाहीस. त्यानेही असाच एक अहवाल केला आणि "सर्व पाहिलं" असं लिहून सही केली. मागच्या आठवड्यात तो सहज जुने नकाशे काढून बसला. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की यंत्राने मोजलेल्या सगळ्या साखळ्या आडबाजूच्या होत्या. लाटांकडे पाठ असलेल्या. समुद्र खवळलेला असताना यंत्राला तिथेच उतरता आलं होतं ना! लाटा अंगावर घेणारी एकही साखळी कोणी पाहिलेली नाही. तीच सगळ्यात जास्त झिजत असणार, हे शाळेतल्या पोरालाही कळेल. त्याला कळलं नाही.

ऑक्टोबरात वादळं सुरू होतात. आता सांगावं तर सही खोटी ठरते, आणि ज्या वरिष्ठांनी त्याच्या शब्दावर पुढे सही केली त्या तोंडघशी पडतात. त्यांचं निवृत्तीचं वर्ष आहे. न सांगावं तर कदाचित काहीच होणार नाही. त्याने हिशेब केलाय. दहातल्या नऊ वेळा काहीच होणार नाही. तो बिचारा रोज ठरवतो की उद्या सांगू. बाई समोरून हसत येतात आणि तो हवापाण्याचं काहीतरी बोलतो. बरंय, त्याच्या धंद्यात हवापाण्याचं बोलणं म्हणजे कामच.

तू त्याला काय सांगशील?

ठकू


२० सप्टेंबर

ठके,

हा सहकारी कोण ते कळू दे तरी. शिंपीण म्हणते, नातजावई असेल. मी म्हटलं, असेल बाई. पण मला सांग, तो विचारात पडला की डाव्या हाताची नखं खातो का? लहानपणी बरणी फोडली तेव्हा "एका मुलीने बरणी फोडली" असं सांगायला आजीकडे आला होता का? चोराच्या मनात चांदणं, आणि तुझ्या मनात तर पौर्णिमाच पडली आहे पोरी.

हसून झालं. आता मी जे सांगणार आहे ते सांगायला मला अडतीस वर्षं लागली. आजही जड जातंय, कारण ते लिहिणार कोण, तर तुझी आत्याआजी. बाहेर कोणाकडून लिहून घ्यावं असं दोन दिवस मनात आलं. मग म्हटलं, पुन्हा चोरी नको. वन्सं, थांबू नका. मी बोलेन तसं लिहा. मग काय करायचं ते करा.

तुझ्या आजोबांची लाँच होती, उतारू पलीकडे नेणारी. धक्क्याला ती तीन दोरांनी बांधत. दोर तपासणं माझं काम. त्यांचेच नाही, सगळ्या धक्क्याचे. पीळ उलगडून आतला तंतू पाहायचा, बोटाला भुगा लागला तर दोर बाद. त्या दिवशी सकाळी सूचना आली होती, दुपारनंतर वारा चढेल. आजोबांनी मला दोर बघायला सांगितलं. मी खाली गेले, मधला पिळून पाहिला, उत्तम होता. वर ओट्यावर पत्त्यांचा डाव अर्ध्यावर सोडून आले होते. हातात तीन राण्या होत्या ठकू, तीन. मी परत वर गेले. आजोबांनी लाँच बांधता बांधता खालून विचारलं, "तिन्ही पाहिलेस?" पत्त्यातून मान वर न करता मी म्हटलं, "तिन्ही पाहिले."

डाव मी जिंकले.

दुपारी वारा चढला. कडेचे दोन दोर तुटले, मधला तेवढा टिकला. लाँच त्या एकावर गरगरली आणि धक्क्यावर आदळली. पहारेकरी ती आवरायला धावला, त्याचा पाय लाँच आणि खुंटाच्या मधे सापडला. पुढे जन्मभर तो लंगडत आमच्या दारावरून गेला. रोज दोनदा.

दोर तुटला की गाठ खुंटावरच राहते. सुटला तर राहत नाही. हे धक्क्यावरच्या कोणालाही समजतं. माणसं पहारेकऱ्याला उचलत होती तेव्हा मी ते दोन तुकडे खुंटावरून काढले. गाठी घट्ट होत्या, माझी नखं निघाली त्या सोडवताना. लाँचवरची तुटकी टोकंही कापली, आणि सगळं घरी नेऊन चुलीत घातलं. बंदराच्या अधिकाऱ्याने रिकामे खुंट पाहिले, आजोबांच्या तोंडाचा वास घेतला आणि वहीत लिहिलं, चालकाने नशेत लाँच नीट बांधली नाही. दुपारी त्यांनी घेतली होती, हे खरं. थोडीशीच. पण गाठी त्यांनी सकाळी बांधल्या होत्या, आणि चांगल्या बांधल्या होत्या.

त्यांनाही तेच खरं वाटलं. त्यांनी पुन्हा बोटीवर पाय ठेवला नाही. बर्फाच्या कारखान्यात लाद्या उतरवल्या. तू सहा वर्षांची होतीस, तेव्हा धक्क्यावर माझ्यामागे खुंटावर बसून त्यांनी विचारलं, "त्या दिवशी तिन्ही पाहिले होतेस ना गं?" तेरा वर्षांनी विचारलं. मी त्यांच्याकडे पाहू शकले नाही, म्हणून तुझ्याकडे पाहिलं आणि हातातला दोर पिळून ते बहिणींचं वाक्य बोलले. ते तुला सांगितलंच नव्हतं बाळे, त्यांना सांगितलं होतं. तू ऐकलंस आणि पुढे पळालीस. तू गेल्यावर बाकीचे दोन दोर मी पाहिले. त्या दिवसानंतर मी एकही दोर न पाहता सोडला नाही. ते मात्र तू पाहिलं नाहीस.

म्हणून सांगते. उद्या नाही, आज जा. दहातल्या नऊ वेळा काही होत नाही, खरं आहे. मी दहाव्या वेळेची बाई आहे.

आणि वन्सं, तुमच्या वडिलांना दारूने नेलं, म्हणून तुम्ही भावाला शपथ घातली होती, लाँच चालवायची त्या दिवशी घ्यायची नाही. त्याने ती मोडली म्हणून तुम्ही त्याच्याशी अठरा वर्षं

*

यापुढचं मी लिहिणार नाही. वरचं एक अक्षरही गाळलेलं नाही. पत्र मीच पेटीत टाकते आहे.

तुझी आत्याआजी


२ ऑक्टोबर

प्रति: कुमारी ठकू

विषय: आपल्या आजीची खुशाली व इतर

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर आजी आज रोजी पोस्टाच्या खिडकीवर स्वतः उपस्थित असून त्यांची प्रकृती ठीक आहे.

ठकू, ही खिडकीवरची बाई आहे. भली आहे, पण तिच्या पेनातून असंच येतं. मी म्हटलं, "अगं, तुझं सदर-बिदर बाजूला ठेव, मी बोलते ते लिही." मागे रांग लागली आहे म्हणून थोडक्यात.

तुझी आत्याआजी गेली. कुठे, तर तिच्या जुन्या मुख्याध्यापिकेकडे, दोन गल्ल्या पलीकडे. पत्र टाकून आली, ट्रंकेत चार साड्या भरल्या, आणि दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "तो दर महिन्याला मला पत्र टाकायचा. मी न फोडता परत पाठवायचे." अठरा वर्षं तिने भावाचं तोंड पाहिलं नाही, आणि ते तो गेल्यावर पाहिलं. ते तिने दारूवर टाकलं होतं. ते माझ्या तीन राण्यांवर टाकायला हवं होतं.

वीस वर्षं ती माझ्या घरात राहिली, माझ्या हातचं जेवली, मला वाचून दाखवत राहिली. मी रोज तिचा आवाज ऐकायचे आणि मनाशी म्हणायचे, झालं ते झालं. लोक म्हणतात, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. लोकांनी तो जाळून कुठे पाहिलाय? मी पाहिलाय. राखेतसुद्धा पीळ तसाच दिसत होता. चिमट्याने मोडावा लागला.

घर फार शांत आहे. शिंपीण वर आली, म्हणाली, "काकू, पंधरा दिवस झाले, पत्र वाचल्याचा आवाज नाही." तिला वाटलं तू लिहीत नाहीस.

तू गेलीस का मोठ्या बाईंकडे? तेवढंच कळव. कोणाकडून वाचून घेईन ते माझं मी बघेन.

तरी कृपया माहितीस्तव सादर. (हे तिचं.)

आजी


३ ऑक्टोबर

प्रिय आजी,

हे आत्याआजी वाचत असेल की नाही, ठाऊक नाही. शेवटच्या ओळी तिच्या स्वतःच्या पाहिल्या आणि पत्र परत परत वाचलं.

मी गेले. तुझं पत्र ज्या दिवशी आलं त्या दिवशी नाही, तेव्हाही एक दिवस घालवलाच. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई खुर्चीत बसायच्या आत सांगितलं. "पंधरा म्हटल्या त्या पाच होत्या. बाकीचे आकडे मी भरले." त्या हसल्या. त्यांना चेष्टा वाटली. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, "मी तुला विचारलं होतं ना?" मी म्हटलं, "हो. विचारलं होतं."

त्यांनी तिथल्या तिथे फोन उचलून बोट परत बोलावली. स्वतःच्या वरिष्ठांना सांगितलं, सही माझी आहे, चूक माझी. मी मधे बोलायला गेले तर हातानेच थांबवलं. चौकशी बसली आहे. दोघींचीही.

पहिल्या मोठ्या वादळाची सूचना दहा तारखेची आहे. चोवीसही माणसं काल बंदरात उतरली. कचेरीच्या खिडकीतून मी ती मोजली. चोवीसच्या चोवीस. एकावरून अंदाज नाही केला.

तुझा राग यावा असं वाटतं, पण येत नाही. ते वाक्य तुझं होतं, सही माझी होती.

ठकू


२१ ऑक्टोबर

प्रिय आजी,

वादळ येऊन गेलं. काही तुटलं नाही.

मला वाटलं होतं, हे लिहिताना हलकं वाटेल. पाचही चक्क्या जागच्या जागी आहेत. बोट तिथे असती तरी एखाद्याला उलटी होण्यापलीकडे काही झालं नसतं. जेवणाच्या खोलीत एक जण म्हणाला, "ज्योतिषीणबाई, आमचे चार दिवस घालवलेत की हो!" सगळे हसले. मीही हसले. मग बाथरूममध्ये जाऊन रडले. गप्प बसले असते तर मोठ्या बाई आज मानाने खुर्चीत असत्या. त्यांना निवृत्तीच्या महिनाभर आधीच घरी पाठवलं. निरोपाला मी गेले नाही. जाववलं नाही. दारापर्यंत जाऊन परत आले.

वादळानंतर यंत्र पुन्हा उतरलं. या वेळी मी स्वतः बोटीवर होते, आणि सगळ्या बोटीच्या वाटणीच्या उलट्या मला एकटीला झाल्या. उरलेल्या दहाही मोजल्या. आठ ठीक. तिसऱ्या आणि चौथ्या चक्कीची लाटांकडची साखळी जिथे तळाला टेकते, तिथल्या कड्या जवळजवळ निम्म्या उरल्या होत्या. पुढच्या वादळात, की त्याच्या पुढच्या, ते मी नाही सांगू शकत. दोन्ही बदलणार आहेत.

दोन वर्षं माझी सही कुठल्याही अहवालावर चालणार नाही, असा निकाल लागला. मोजायचं मी, सही दुसऱ्याची. बरोबर आहे.

पण आजी, काही तुटलं नाही याचं मला वाईट वाटतं की बरं, हे ओळखता येत नाही. हे कोणाला सांगू?

ठकू


४ नोव्हेंबर

ठकू बाळे,

अक्षर ओळखलंस ना? ओठ दाबलेलेच आहेत, पण अक्षर तेच आहे.

क्रमाने सांगते. तुझी दोन्ही पत्रं माझ्या उशाखाली न वाचता पडून होती. शिंपीण वाचायला तयार होती, पण तिने वाचलं असतं तर नंतर जिन्यात मी काय ऐकलं असतं? परवा दुपारी दार वाजलं. आत्याआजी. ट्रंक नाही, नुसती पिशवी. आत येऊन म्हणाली, "पत्रं आली असतील. पोरीचं काय झालं?" माझी चौकशी नाही. उशाखालून काढून दिली. तिने वाचली, मोठ्याने, पण उभ्यानेच.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. काही तुटलं नाही याचं वाईट वाटतं, कारण तुटलं असतं तर तू शहाणी ठरली असतीस. न तुटता खरं बोललेला माणूस वेडा दिसतो. दिसू दे. माझे दोर तुटले तेव्हा मी शहाणी दिसले होते, सगळा धक्का माझी समजूत काढायला आला होता. आणि मोठ्या बाईंच्या घरी जा. दारापर्यंत जाऊन परत यायचं नाही. आतून काय येईल ते ऐकून घ्यायचं. त्यांनी चहा विचारला तर नको म्हणू नकोस, नाही विचारला तर पाणी मागून घे आणि बस.

सही चालत नाही म्हणतेस, तर अंगठा दे. घराण्यात आहे.

आता आमचं. वाचून झाल्यावर आत्याआजीने पिशवीतून कोरे कागद काढले आणि म्हणाली, "वहिनी, आता बंदराच्या कचेरीला सांगा. मी लिहिते." मी म्हटलं, "वन्सं, तो अधिकारी मेला, पहारेकरी मेला, ज्यांचं होतं तेही गेले. आता वाचणार कोण?" ती म्हणाली, "ती वही अजून आहे. मी जाऊन पाहून आले. माझ्या भावाचं नाव त्यात आहे."

मग मी सांगितलं. दोर, राण्या, गाठी, चूल. तिने एकदाही मान वर केली नाही. फक्त गाठींपाशी थांबली. "घट्ट होत्या?" "फार घट्ट." "असं लिहू, की फार घट्ट होत्या?" "लिहा." तिने लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली. शाळेतली सवय.

तीन प्रती केल्या. एक कचेरीला, एक त्या पहारेकऱ्याच्या मुलीला, एक आपल्या घरात. पहिली तिने वाचून दाखवली. मी अंगठा शाईत बुडवला. ती म्हणाली, "बाकीच्या दोन?" मी म्हटलं, "एक वाचलीत ना, त्याच तर..."

ती माझ्याकडे पाहत होती. अडतीस वर्षांत तिने मला रागाने पाहिलं असेल, कंटाळून पाहिलं असेल. असं नव्हतं पाहिलं.

मी म्हटलं, "वाचा वन्सं. तिन्ही वाचा."

दुसरी तिने वाचली, वर्गाच्या आवाजात. खाली मशीन थांबलं. तिसरी वाचायला लागली तेव्हा आवाज हळूहळू खाली जात राहिला. "माझ्या पतीने बांधलेल्या गाठी" इथपर्यंत आला. पुढचं मला काही ऐकू आलं नाही. शिंपिणीलाही आलं नसणार. नुसते ओठ हलताना दिसत होते. वाचून होईपर्यंत मी शाईचा अंगठा तसाच वर धरून बसले.

ट्रंक अजून तिकडेच आहे. मी विचारलेलं नाही.

आजी